कागदाच्या थेंब-चाचण्या परस्परविरोधी उत्तरे देतात तेव्हा काय तपासावे

जुन्या दफ्तरांतील, ग्रंथालयांतील किंवा खासगी संग्रहांतील कागद कशाचा बनला आहे हे रासायनिक चाचण्यांनी ठरवू पाहणाऱ्यांना एक अडचण वारंवार येते. एकाने घेतलेली लिग्निनची, म्हणजे लाकडात आणि काही तंतूंत सेल्युलोजबरोबर असणाऱ्या पदार्थाची, चाचणी गुलाबी रंग दाखवते आणि त्याच पानावर दुसऱ्याने महिन्याभराने घेतलेली चाचणी काहीच दाखवत नाही. सामू पाहण्याचे पेन कागद आम्लधर्मी नसल्याची ग्वाही देते आणि तोच कागद घडीवर तुटत असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा हातकागद म्हणून नोंदलेले पान लाकडाच्या लगद्याच्या कागदासारखे वागते. अशा वेळी रसायन शिळे झाले असेल, असे म्हणून विषय सोडून दिला जातो किंवा सोयीचे वाटेल ते उत्तर नोंदवहीत लिहिले जाते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण त्या नोंदीवरून पुढे कागद धुवायचा की नाही, त्याचे निरम्लीकरण, म्हणजे त्यातली आम्लता घालवण्याची प्रक्रिया, करायची की नाही, असे निर्णय घेतले जातात आणि ते मागे फिरवता येत नाहीत.

माझ्या अनुभवात या विरोधामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. आपण प्रश्न विचारतो तंतूंविषयी आणि उत्तर मिळते ते तंतूंवर किंवा तंतूंमध्ये असलेल्या दुसऱ्याच पदार्थाविषयी. कागद म्हणजे नुसते सेल्युलोज नव्हे. त्यात शाई पसरू नये म्हणून दिलेली खळ, सरस किंवा राळ असते, तुरटी असते, अपारदर्शकतेसाठी घातलेली चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट असते, रंग असतो. जुन्या कागदावर शिवाय दुरुस्तीची लेई, मजबुतीसाठी चिकटवलेले शिफॉनच्या कापडाचे अस्तर, हाताळणाऱ्यांच्या बोटांचा घाम आणि कधीकाळी दिलेले चुन्याच्या निवळीचे स्नान यांचेही अवशेष असतात. रसायनाचा थेंब या सगळ्यांना एकाच वेळी भेटतो. म्हणून चाचणी फसली असे वाटले की रसायन बदलण्याआधी, त्या थेंबाने नेमके कशाला स्पर्श केला, हे शोधावे.

आधी ओळखीचे कागद

अनोळखी कागदाला हात लावण्यापूर्वी त्याच दिवशी, त्याच बाटलीतील द्रावणाने तीन ओळखीचे कागद तपासावेत. पहिला वर्तमानपत्राचा, कारण त्यात यांत्रिक लगदा, म्हणजे लाकूड नुसते दळून केलेला लगदा, भरपूर असतो आणि लिग्निनची चाचणी तिथे ठळक यायलाच हवी. दुसरा प्रयोगशाळेतला राखरहित फिल्टर पेपर, जो जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असल्यामुळे त्यावर लिग्निन, स्टार्च, तुरटी यांपैकी कशाचीही चाचणी येता कामा नये. तिसरा झेरॉक्सचा साधा कागद, ज्यात हल्ली सहसा कॅल्शियम कार्बोनेट आणि स्टार्च दोन्ही असतात. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर कार्बोनेटची खात्री होते. या तिघांपैकी एकानेही अपेक्षेविरुद्ध उत्तर दिले, तर दोष द्रावणात, पाण्यात किंवा ड्रॉपरमध्ये आहे आणि तो दूर होईपर्यंत जुन्या कागदाचा एक तंतूही खर्च करू नये.

याच्याइतकीच आवश्यक, पण फारच थोड्या ठिकाणी घेतली जाणारी चाचणी म्हणजे नुसत्या माध्यमाची चाचणी. ज्या द्रावणात रंग आणणारे रसायन आहे, तेच द्रावण ते रसायन वगळून तयार करावे आणि कागदाच्या दुसऱ्या कणावर टाकावे. रंग तरीही आला, तर तो आपण शोधत असलेल्या पदार्थाचा नाही. हे एवढेच केले तरी निम्म्याहून अधिक वाद मिटतात.

लिग्निन : गुलाबी रंग कशाचा

लिग्निन ओळखण्यासाठी फ्लोरोग्लुसिनॉल या रसायनाची चाचणी सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वाधिक गैरसमजही तिच्याविषयीच आहेत. नेहमीची कृती अशी आहे : एक ग्रॅम फ्लोरोग्लुसिनॉल ५० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवून त्यात ५० मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळतात. द्रावण गडद तपकिरी बाटलीत, घट्ट झाकणाखाली ठेवतात. ताजे असताना ते जवळजवळ रंगहीन असते. पिवळसर होऊ लागले की त्याची ताकद उतरली, असे समजून ते टाकून द्यावे. बाटली वारंवार उघडली गेल्यास हायड्रोजन क्लोराइड वायू उडून जातो आणि आम्ल कमजोर होते. महिन्याभराच्या अंतराने घेतलेल्या दोन चाचण्यांत फरक पडण्याचे सर्वांत साधे कारण हेच असते.

हे रसायन लिग्निनच्या संपूर्ण रेणूशी नव्हे, तर त्यातील कोनिफेराल्डिहाइड प्रकारच्या गटांशी संयोग पावते. त्यामुळे रंगाची गडदता म्हणजे लिग्निनचे प्रमाण, असे समीकरण मांडता येत नाही. पेरॉक्साइडने विरंजन केलेल्या यांत्रिक लगद्यात लिग्निन बऱ्यापैकी शिल्लक असते, पण हे गट कमी झालेले असल्याने रंग फिका येतो. सल्फाइटची प्रक्रिया देऊन दळलेल्या लगद्याचेही तसेच होते. उलट दिशेने, लाकूड रसायनांत शिजवून केलेला, थोडेसेच लिग्निन उरलेला अविरंजित रासायनिक लगदा हलका गुलाबी होतो आणि पाहणारा त्याला यांत्रिक लगदा समजून बसतो. म्हणून नोंद करताना 'आहे' किंवा 'नाही' एवढेच न लिहिता किंचित गुलाबी, स्पष्ट गुलाबी, गडद किरमिजी असे लिहावे आणि त्याच वेळी वर्तमानपत्राच्या कागदावर आलेला रंग शेजारी नोंदवावा. रंग काही वेळाने फिका पडतो, म्हणून तो एका ठरावीक वेळी, समजा एका मिनिटाने, पाहण्याची शिस्त ठेवावी.

आता हातकागदाच्या गुलाबी रंगाकडे वळू. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागदाची जुनी परंपरा होती. आपल्याकडच्या हातकागदासाठी चिंध्या, जुने दोर, गोणपाट असा टाकाऊ तंतुमाल वापरला जात असे. कापसात लिग्निन जवळजवळ नसते, पण गोणपाट ज्यूटचे असते आणि ज्यूटमध्ये साधारण १२ ते १४ टक्के लिग्निन असते. त्यामुळे गोणपाटाचा अंश असलेला अस्सल हातकागद फ्लोरोग्लुसिनॉलने गुलाबी होतो. यावरून तो कागद गिरणीचा ठरत नाही, आणि यंत्रयुगापूर्वीच्या तारखेचे दफ्तर बनावटही ठरत नाही. लाकूड दळून लगदा करण्याची पद्धत जर्मनीत फ्रीडरिश गोटलोब केलर याने १८४० च्या दशकात शोधली, त्यामुळे त्याआधीच्या तारखेच्या कागदात दळलेले लाकूड सापडले तर ती खरोखरच गंभीर बाब आहे. पण गुलाबी रंग म्हणजे दळलेले लाकूड हे आधी सिद्ध व्हायला हवे.

ते सिद्ध होते सूक्ष्मदर्शकाखाली. कागदाचा मोहरीएवढा कण काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घेऊन दोन सुयांनी हळूहळू मोकळा करावा, जादा पाणी टिपून घ्यावे, मग रसायनाचा थेंब बाजूने सोडावा आणि वरून आच्छादन काच ठेवावी. यांत्रिक लगदा असेल, तर तुटके, आखूड, एकमेकांना चिकटलेल्या जुडग्यांसारखे तुकडे किरमिजी झालेले दिसतात आणि त्यांच्यात आडव्या पेशींच्या पट्ट्याही आढळतात. ज्यूट असेल, तर लांब, गुळगुळीत कडांचे तंतू गुलाबी होतात आणि त्यांची आतली पोकळी कुठे रुंद, कुठे एकदम निरुंद झालेली दिसते. शेजारीच पिळवटलेल्या फितीसारखे, रंग न घेतलेले कापसाचे तंतू असले, तर मिश्रणाचे चित्र पूर्ण होते. कागदाच्या पृष्ठभागावर नुसता थेंब टाकून हे कधीच कळले नसते.

लिग्निन नसतानाही हळदीमुळे असाच फसवा रंग येतो. तिच्याविषयी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हा सापळा आपल्याच दफ्तरांत जास्त आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची पूजा होते आणि पहिल्या पानांवर हळदकुंकू वाहिलेले असते. लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावतात. हळदीतील कर्क्युमिन सौम्य आम्लात पिवळेच राहते, पण फ्लोरोग्लुसिनॉलच्या द्रावणात असते तितक्या तीव्र आम्लात ते लालसर होते. अशाच एका चोपडीच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यातून सुटून पडलेल्या, नखापेक्षाही लहान तुकड्यावर हा प्रकार नीट पाहता येतो. द्रावणाचा थेंब पडताच काही सेकंदांत तांबूस छटा पसरते, पण ती तंतूंच्या रेषा धरून न येता डागाच्या आकाराप्रमाणे येते. त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकावर फ्लोरोग्लुसिनॉल नसलेले आम्ल आणि मिथेनॉल टाकले, तरी तीच छटा येते. मग तिसरा कण अल्कोहोलमध्ये काही वेळ भिजवावा. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळत असल्याने अल्कोहोल पिवळे होते. ते दोनतीनदा बदलून कण कोरडा केल्यावर पुन्हा चाचणी घेतली की लिग्निन नसलेला कागद रंगहीन राहतो. या तीन पायऱ्यांना दहा मिनिटेही लागत नाहीत.

कृत्रिम रंगांचेही असेच आहे. डाळीतील किंवा हळदीतील मेटॅनिल यलोची भेसळ हायड्रोक्लोरिक आम्लाने किरमिजी होते, हे अन्नभेसळीच्या प्रात्यक्षिकांत पाहिलेले असते. तो रंग वापरलेला पिवळा कागदही आम्लाने किरमिजी होईल आणि त्याचा लिग्निनशी काही संबंध नसेल. रंगीत कागदावर नुसत्या आम्लाची चाचणी घेतल्याशिवाय फ्लोरोग्लुसिनॉलचा निष्कर्ष लिहूच नये. जुना कागद मुद्दाम पिवळा केलेला वाटत असेल, तर आणखी एक सावधगिरी बाळगावी. कीड लागू नये म्हणून काही हस्तलिखितांच्या कागदावर हरताळ लावत असत आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. अशा पानाला हातमोजे घालूनच हात लावावा आणि त्याचे कण खरवडू नयेत.

लिग्निनचे प्रमाण आकड्यांत हवे असल्यास कप्पा क्रमांक काढतात. पोटॅशियम परमँगनेट किती खर्च झाले, यावर तो ठरतो. इथेही तीच अडचण येते, कारण परमँगनेट लिग्निनखेरीज इतर पदार्थही खाऊन टाकतात. निलगिरीसारख्या रुंदपर्णी झाडांच्या लाकडाच्या क्राफ्ट या रासायनिक पद्धतीने केलेल्या लगद्यात तयार होणारे हेक्सेन्युरॉनिक आम्ल हे त्याचे परिचित उदाहरण आहे. फ्लोरोग्लुसिनॉल काही दाखवत नाही आणि कप्पा क्रमांक मात्र अपेक्षेपेक्षा जास्त येतो, तेव्हा या दोन्ही चाचण्या आपापल्या परीने खऱ्या असू शकतात.

सामू : पेन, पृष्ठभाग आणि अर्क यांतला फरक

कागद तुटतो आहे आणि पेन जांभळे उमटते, ही दुसरी नेहमीची तक्रार. या पेनांत बहुधा क्लोरोफेनॉल रेड हा निर्देशक असतो; सामू ६.८ च्या आसपास किंवा वर असल्यास तो जांभळा आणि कागद आम्लधर्मी असल्यास पिवळा दिसतो. पेन फक्त शाई जिथवर मुरली तिथलेच सांगते. लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर वरचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आतला गाभा तुरटी-राळेचा, म्हणजे आम्लधर्मी, असू शकतो. पेनाने वरच्या थराचे खरे उत्तर दिलेले असते. उपाय असा की सुटा तुकडा फाडून, उघड्या पडलेल्या तंतुमय कडेवर निर्देशक लावावा. ज्या कागदाचे पूर्वी निरम्लीकरण झाले आहे, त्याच्याही बाबतीत पृष्ठभाग आणि गाभा यांत फरक पडू शकतो. पेनाची खूण कायमची राहते, म्हणून ते मूळ पानावर कधीही वापरू नये, हे इथे ठळकपणे सांगणे आवश्यक वाटते. अजूनही कितीतरी दुर्मीळ पुस्तकांच्या समासात अशा जांभळ्या-पिवळ्या रेघा दिसतात आणि ते पाहून वाईट वाटते.

अल्काइल कीटीन डायमर या कृत्रिम द्रव्याने जलरोधक केलेल्या आधुनिक कागदावर पाण्याचा थेंब मुरतच नाही. तो वर मोत्यासारखा उभा राहतो आणि सपाट इलेक्ट्रोड कागदाचा नव्हे, थेंबाचाच सामू मोजतो. असे दिसले की पृष्ठभागाची पद्धत सोडून अर्काच्या पद्धतीकडे वळावे.

थंड अर्काच्या प्रचलित पद्धतीत एक ग्रॅम कागदाचे बारीक तुकडे ७० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर ठेवून सामू मोजतात. एक ग्रॅम म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या ए-४ आकाराच्या कागदाचा जवळपास पाचवा भाग होतो, आणि ऐतिहासिक कागदाच्या बाबतीत एवढा नमुना मागणेच चुकीचे आहे. हेच प्रमाण राखून १० मिलिग्रॅम कागद ०.७ मिलिलिटर पाण्यात घेता येतो आणि बारीक टोकाच्या इलेक्ट्रोडने मोजता येतो.

आकडे स्थिर राहत नाहीत, अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी पाण्याकडे पाहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने उघड्या ठेवलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचा सामू ५.६ च्या आसपास येतो, आणि अशा पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने इलेक्ट्रोडचे वाचन सतत सरकत राहते. पाणी उकळून, झाकून गार करावे आणि अर्कात थोडे पोटॅशियम क्लोराइड घालावे, वाचन स्थिरावते. अनेक छोट्या ग्रंथालयांत बॅटरीचे पाणी किंवा पिण्याचे आरओ पाणी वापरतात. आरओ पाण्यात बायकार्बोनेट शिल्लक असू शकते आणि ते कमी आम्लता असलेल्या कागदाचा आकडा वर ढकलते. बॅटरीचे पाणी चालू शकते, पण प्रत्येक नवी बाटली आधी नुसती मोजून पाहिली पाहिजे.

थंड अर्काचा आणि उकळत्या अर्काचा आकडा जुळत नाही, यात चूक काहीच नाही. तुरटी असलेल्या कागदात उकळल्यावर तिचे जलविघटन पुढे सरकते आणि सामू सहसा आणखी खाली येतो. मात्र अहवालात कोणती पद्धत वापरली हे न लिहिता नुसता आकडा देणे, ही मोठी चूक आहे; दोन संस्थांच्या अहवालांतला विरोध पुष्कळदा इथेच असतो. नव्या कागदाचा टिकाऊपणा तपासायचा असेल, तर नुसत्या सामूवर थांबू नये. टिकाऊ कागदासाठी १९९४ मध्ये आलेल्या आयएसओ ९७०६ या मानकात थंड अर्काचा सामू ७.५ ते १० असण्याबरोबरच, किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा आणि पाचपेक्षा कमी कप्पा क्रमांक या अटी आहेत.

खळ, सरस, राळ आणि तुरटी

आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या पातळ द्रावणाने स्टार्च निळेकाळे होते. आपल्याकडच्या घोटीव हातकागदाला तांदळाची किंवा गव्हाची खळ देत असत, त्यामुळे अशा कागदावर हा रंग येणे स्वाभाविक आहे. अडचण येते ती दुरुस्तीमुळे. मैद्याच्या लेईने पैबंद लावलेल्या किंवा पाठीमागे अस्तर चिकटवलेल्या पानावर आलेला निळा रंग मूळ खळीचा की लेईचा, हे थेंबावरून सांगता येत नाही. शिफॉनच्या अस्तरासाठी आपल्या अभिलेखागारांत डेक्स्ट्रिनची लेई वापरली जात असे आणि डेक्स्ट्रिन आयोडीनने तांबूस किंवा तपकिरी होते. निळ्याजांभळ्याच्या शेजारी तांबूस पट्टा दिसला, तर अस्तराचा संशय घ्यावा. कागदाचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रंग कुठे आहे ते पाहिले, की खुलासा होतो. खळ दोन्ही पृष्ठभागांजवळ सारखी दिसते. लेई एकाच बाजूला, जाड थरात असते. काही पॉलिव्हिनाइल अल्कोहोलही आयोडीनने निळे-हिरवट होतात, हे आधुनिक कागदांच्या बाबतीत लक्षात ठेवावे.

सरसासाठी निनहायड्रिन वापरणाऱ्यांना जवळजवळ प्रत्येक पानावर जांभळे ठिपके मिळतात, कारण ते बोटांच्या घामातील अमिनो आम्लांनाही तितक्याच आवडीने पकडते. बोटांचे ठसे उठवायला ते म्हणूनच वापरतात. पानाच्या खालच्या कोपऱ्यातला नमुना घेतला असेल, तर तो निकाल ग्राह्य धरू नये. शिवणीजवळचा, हात न लागलेला कण घ्यावा आणि मोरचूद व सोडियम हायड्रॉक्साइड वापरून होणारी बाययुरेट चाचणी जोडीला करावी. तिची संवेदनशीलता कमी आहे आणि नेमका तोच तिचा इथे फायदा आहे.

राळेची साखर आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाची चाचणी मी शक्यतो टाळतो. कागद करपतो, रंग क्षणभर टिकतो, आणि सरस किंवा तेलकट पदार्थही लालसर छटा देऊ शकतात. राळ आणि तुरटीने कागद जलरोधक करण्याची रीत मोरित्झ इलिग याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केली, त्यामुळे यंत्राच्या कागदात ही जोडी सापडणे नेहमीचे आहे. परंतु तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम दाखवणाऱ्या अ‍ॅल्युमिनॉन या रसायनाने लाल रंग आला म्हणजे राळ आहेच, असे मात्र नव्हे. युरोपातल्या कागदकारांनी सरसातही तुरटी मिसळलेली असे आणि आजच्या अल्कधर्मी कागदातही अ‍ॅल्युमिनियमची संयुगे थोडी असू शकतात. लोखंडही अ‍ॅल्युमिनॉनशी जांभळट रंग देते, म्हणून लोखंडी शाईच्या किंवा गंजलेल्या टाचणीच्या जवळ ही चाचणी करू नये.

राखेचे दोन आकडे

भरणद्रव्यांसाठी कागद जाळून राख तोलतात. एकाच कागदाची राख एका ठिकाणी २० टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ११ टक्के आली, तर भांडण्याआधी भट्टीचे तापमान विचारावे. ५२५ अंश सेल्सिअसला कॅल्शियम कार्बोनेट टिकून राहते. ९०० अंशांना त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दर १०० ग्रॅमचे ५६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड उरते. २० टक्के कार्बोनेट असलेल्या कागदाची राख म्हणूनच ९०० अंशांना ११.२ टक्के भरते. हा विरोध नसून उपयुक्त माहिती आहे, कारण दोन आकड्यांतल्या ८.८ या फरकाला ०.४४ ने भागले की कार्बोनेटचे २० टक्के परत मिळतात. चिनी माती असल्यास हिशेब इतका सरळ राहत नाही. तिच्यातले रासायनिक बंधातले पाणी निघून गेल्याने तिची राख मूळ वजनापेक्षा साधारण १२ ते १४ टक्क्यांनी कमी भरते.

पावसाळ्यात राखेचे आकडे कमी आल्यासारखे वाटतात, त्याचे कारण कागदाने शोषलेला ओलावा. नमुना १०५ अंशांवर वाळवून, शोषकपात्रात गार करून मगच मूळ वजन घ्यावे. ९०० अंशांची राखही तोलायला उशीर झाला, तर हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन जड होते. राख करडी किंवा काळी राहिली, तर भट्टी फार वेगाने तापवली गेली आणि आत कार्बन अडकला, असे समजावे.

उपकरणेही हीच चूक करतात

अवरक्त वर्णपटात १६४० च्या सुमाराची पट्टी (हे आणि पुढचे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटिमीटर) पाहून सरस असल्याचा निष्कर्ष काढलेला मी वारंवार वाचतो. कागदातल्या साध्या पाण्याचीही पट्टी तिथेच असते. सरस म्हणायचा, तर १५५० च्या जवळची दुसरी पट्टी हवी. लिग्निनसाठी १५०५ ते १५१० आणि कार्बोनेटसाठी ८७४ पाहावी. सेल्युलोजची ८९७ तिच्या अगदी शेजारी असते. कागद स्फटिकावर दाबून घेतलेला हा वर्णपट पृष्ठभागाचा एकदोन मायक्रोमीटरचाच थर पाहतो, म्हणजे पेनाची जी मर्यादा, तीच याचीही. राष्ट्रीय अभिलेखागाराने विकसित केलेल्या अ‍ॅसिटोनच्या पद्धतीने लॅमिनेट केलेल्या पानाचा वर्णपट १७४० आणि १२३५ ला ठळक शिखरे दाखवतो, आणि ती कागदाची नसून सेल्युलोज अ‍ॅसिटेटची असतात. मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्तीची गोष्ट उलटी आहे : किरण पातळ कागदातून आरपार जातात आणि खालच्या टेबलाची मूलद्रव्येही कागदाच्या नावावर जमा होतात. पानाखाली काही नसताना एकदा आणि नुसत्या पार्श्वभूमीचे एकदा, असे मोजमाप घ्यावे.

क्रम आणि नमुना

चाचण्यांचा क्रम चुकल्यानेही विरोध निर्माण होतो. आधी डोळ्यांनी आणि अतिनील दिव्याखाली पाहावे. निळसर झगझगीत प्रकाश दिसला, तर चकाकी आणणारी द्रव्ये आहेत, आणि ती कागदात १९५० च्या आसपासपासून येऊ लागली; जुन्या पानावर ती फक्त पैबंदात दिसली, तर दुरुस्तीचा काळ कळतो आणि त्या भागातला नमुना टाळता येतो. त्यानंतर पाण्याच्या चाचण्या, मग आयोडीन आणि सर्वांत शेवटी तीव्र आम्लाच्या चाचण्या कराव्यात, आणि प्रत्येकीसाठी वेगळा कण घ्यावा. फ्लोरोग्लुसिनॉलच्या आम्लाची वाफदेखील शेजारच्या तुकड्याचा सामू बदलू शकते, म्हणून ती बाटली सामूच्या टेबलावर उघडू नये. मूळ पानावर थेंब टाकणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पुस्तकाच्या शिवणीत आणि दफ्तराच्या रुमालात आपोआप सुटून पडलेले कण बहुधा पुरेसे असतात.

एवढे करूनही उत्तरे जुळली नाहीत, तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवताना पानाच्या कडेचा आणि आतल्या भागाचा असे दोन कण झाकणाच्या वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत द्यावेत आणि कोणता कण कुठला, हे प्रत्येकीवर पेन्सिलने लिहावे. हवेतील सल्फर डायऑक्साइड कडेकडून आत शिरत असल्याने एकाच पानाच्या कडेचा सामू मध्यभागापेक्षा खाली असू शकतो. पानाला अस्तर, लॅमिनेशन किंवा चुन्याच्या निवळीचे स्नान मिळाल्याची नोंद दफ्तरात असल्यास तिची प्रतही सोबत जोडावी.